काळी टाकी कुणी रिकामी करायची

कासारवाडीत आमच्या बिल्डिंगमध्ये मी ‘गाडीच्या इंटिरियरचं काम करतो’ असं सांगत आलोय. हे खोटं नाही. संडास गाडीच्या आतच असतो. मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हा व्याह्यांनी विचारलं, “इंटिरियर म्हणजे नेमकं काय हो?” मी तोंड उघडायच्या आत बायकोने “सीट कव्हर वगैरे” असं ठोकून दिलं आणि मी मुकाट्याने पोह्यांत लक्ष घातलं. आता मुलीला दोन मुलं आहेत, तरी व्याही भेटले की मला अजून विचारतात, रेक्झिन कुठलं घ्यावं? मी काहीतरी सांगतो. एकदा तर त्यांनी मी सांगितलेलं खरोखर बसवून घेतलं. आता कामातून मोकळा झालोय, दिवाळी अंकवाले लिहा म्हणतायत, तर खरं काय ते छापूनच टाकतो. व्याहीसाहेब, वाचत असाल तर रामराम. मी संडासाच्या टाक्या बसवायचो.

मी मूळचा लातूरकडचा, आयटीआयचा प्लंबर. पिंपरीत एका कारखान्यात पाइपलाइनवर बावीस वर्षं काढली, कारखाना बंद पडला आणि चाकण-तळेगाव रस्त्यालगत बाळूशेठच्या शेडमध्ये लागलो. बाळूशेठ तिथल्याच गावचे, जुन्या घरातले. ते गाड्यांच्या बॉड्या बांधायचे. आधी शाळेच्या बस, मग रुग्णवाहिका, मग शूटिंगवाल्यांच्या मेकअपच्या गाड्या. आणि मग आली मोटरहोम, म्हणजे चाकावरचं घर. आत बिछाना, ओटा, फ्रिज, न्हाणी, संडास. एके दिवशी बाळूशेठनी माझ्यापुढे एक परदेशी ड्रॉइंग पसरलं.

“मानेभाऊ, ह्यात संडास बी हाय. जमंल का?”

“जमेल की.”

“वास न्हाई आला पायजे.”

“वासाचं गिऱ्हाइकावर असतं, शेठ. प्लंबरवर नसतं.”

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एकीत न्हाणीचं आणि ओट्याचं पाणी जातं, ती करडी. दुसरीत संडासाचं जातं, ती काळी. ही नावं साहेबांनी ठेवलेली. आमच्या शेडमध्ये दोन्ही टाक्या पांढऱ्याच यायच्या. प्रत्येक टाकीला खाली झडप आणि झडपेला बाहेरून ओढायची मूठ. टाकी भरत आली की गाडी ड्रेनेजच्या चेंबरपाशी न्यायची, तिथल्या मालकाला विचारायचं, जाड नळी अडकवायची आणि मूठ ओढायची. आधी काळी, मग करडी. म्हणजे करडीतलं साबणाचं पाणी नळी आपोआप धुऊन काढतं. मूठ परत ढकलायची, काळ्या टाकीत बादलीभर साधं पाणी ओतून ठेवायचं, म्हणजे तळाला काही चिकटत नाही. हातमोजे काढायचे, हात धुवायचे. संपलं. शिकायला सहा मिनिटं लागतात. पटायला सहा महिने.

पहिल्या गाडीत आम्ही ते परदेशी ड्रॉइंग जसंच्या तसं उचललं. चार माणसं, चार दिवस, एवढी टाकी, असं त्यात लिहिलेलं. गाडी गोव्याला निघाली आणि कराड यायच्या आत फोन आला, टाकी भरली! बाळूशेठ माझ्याकडे संशयाने बघायला लागले. “मानेभाऊ, खाल्लं तरी काय ह्या लोकांनी?” मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. टाकी नीट, झडप नीट, गळती नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी संडासातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अहो, ते ड्रॉइंग काढणाऱ्या साहेबाच्या देशात कागद! आणि आपल्याकडे पाणी. तेही एका टमरेलात भागवेल तो आपला माणूस कसला? आधी एक, नंतर दोन, आणि मनाच्या समाधानासाठी आणखी एक. एवढा मोठा इंजिनिअर, पण त्याने धुवायचं पाणी धरलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही काळी टाकी अडीचपट मोठी करायला लागलो. माझ्या अख्ख्या नोकरीत मी लावलेला हा एवढाच शोध, पण मला त्याचा अभिमान आहे.

गिऱ्हाइकं एकेक नग यायची. निगडीचे एक गृहस्थ वास्तुवाल्याला बरोबर घेऊन आले. त्याने होकायंत्र काढलं, तोंड वाकडं केलं आणि संडास ईशान्येला आलाय म्हणून जाहीर केलं. मी म्हटलं, “महाराज, गाडी आत्ता शेडमध्ये उभी आहे. उद्या नाशिक फाट्याला वळली की हाच संडास नैऋत्येला जाईल. मग काय करायचं, सांगा.” त्याने होकायंत्र दोनदा फिरवून पाहिलं. शेवटी म्हणाला, गाडी शक्यतो उत्तरेकडे चालवा. त्या गृहस्थांनी काश्मीरला जाऊन यायचं नक्की केलं. परत कसे आले ते मी विचारलं नाही.

वाकडचं एक जोडपं होतं. बाई अतिशय टापटिपीच्या. त्यांची करडी टाकी दर खेपेला तुंबायची. मी गाडीखाली झोपून झडप उघडली तर आतून खळ यावी तसा चिकट गोळा घसरला थेट माझ्या छातीवर. भाताचं पाणी, कणकेचे हात धुतलेलं पाणी, वर फोडणीचं तेल. आठ दिवस ऊन लागून त्याची अशी काही लापशी झाली होती की तिने भिंतीला पोस्टर चिकटवावं. बाई वरून विचारत होत्या, “काका, आम्ही फिनेल टाकू का?” मी खालून ओरडलो, “माझ्यावर टाका!”

आणखी एक. टाकी किती भरली ते सांगायला गाडीत चार दिवे असतात. दिवे नवे असतात तोवर खरं बोलतात. दोन प्रवास झाले की आत काहीबाही चिकटतं आणि मग रिकाम्या टाकीलाही भरली म्हणून बोंबलतात. म्हणून मी प्रत्येकाला सांगायचो, दिव्यावर जाऊ नका, खाली वाकून बोटाच्या पेराने टाकी वाजवा. भरलेल्या भागात बद्द आवाज येतो, रिकाम्या भागात टणटणीत. कलिंगड घेताना वाजवता ना, तसं. कलिंगड सगळे वाजवतात. टाकी वाजवायला सांगितली की लोकांची बोटं आखडायची.

खरी गंमत तिथेच होती. गाडी पाहिजे सगळ्यांना, आतला संडासही पाहिजे, पण ती मूठ ओढायची म्हटलं की घरातला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघायचा. “ड्रायव्हर करेल की.” “तिथे कुणी माणूस मिळेल ना?” माणूस! म्हणजे कुठला माणूस ते बोलायचं नाही, पण आपल्या घरातला नाही, एवढं नक्की. असल्याच एका साहेबांच्या ड्रायव्हरने वैतागून अख्खी टाकी एका शेताच्या बांधावर सोडली होती. शेतकरी गाडीमागे कोयता घेऊन धावला, आणि मी म्हणतो बरोबरच केलं त्याने. त्या दिवशी मी कानाला खडा लावला आणि नियम केला, गाडीच्या मालकाने पहिली टाकी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने रिकामी करायची. त्याशिवाय किल्ली नाही. बाळूशेठ कुरकुरले, “गिऱ्हाईक पळंल, भाऊ.” म्हटलं, पळू दे, कुठेतरी थांबून त्याला टाकी रिकामी करावीच लागेल.

त्या वेळी टाकीत असायचं काय? नळाचं पाणी! मीच भरलेलं. तरी लोक नाकाला रुमाल लावायचे. एका कारखानदारांनी डोळे मिटून, मान फिरवून, हात लांब करून मूठ ओढली, जणू साप धरतायत. स्वच्छ पाणी चेंबरमध्ये गेलं. साहेबांनी साबणाने तीनदा हात धुतले आणि मला म्हणाले, “तेवढा वास नाही आला.” मी म्हटलं, “येईल साहेब, पुढच्या वेळी येईल.” पण एकदा मूठ ओढलेला माणूस नंतर सुधारायचा. काय टाकायचं, काय नाही, ते त्याला कळायचं, आणि रस्त्यावर घाण सोडायची त्याला लाज वाटायची.

हा नियम मी इतकी वर्षं पाळला. मोडला एकदाच. ते सांगण्यासाठीच खरंतर लिहायला बसलोय.

निखिल नावाचा मुलगा आला होता, वाकडला राहणारा, आयटीत नोकरी. वय चौतीस-पस्तीस. एक जुनी मिनीबस घेऊन आला आणि म्हणाला, “काका, यात बाकी काही नसलं तरी चालेल, टॉयलेट मात्र झकास पाहिजे.” गाडी त्याला आईसाठी हवी होती. आई, सुमनताई, वय सासष्ट. मूत्राशयाचं दुखणं, एक ऑपरेशन झालेलं, तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने जावं लागायचं, आणि लागलं की धीर नाही. रस्त्यावरच्या हॉटेलांतल्या संडासांची अवस्था काय सांगायची? एकदा बसमध्ये त्यांची फजिती झाली. त्यानंतर सहा वर्षं त्या वाकडच्या बाहेर पडल्याच नव्हत्या. लग्नं नाहीत, बारशी नाहीत, कुणाच्या मातीला जाणं नाही. त्यांची थोरली बहीण, अक्का, बार्शीच्या पलीकडे गावाकडे. दोघींच्या मधली भावंडं गेलेली, या दोघीच राहिलेल्या. अक्का वर्षापूर्वी पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून अंथरुणात. फोनवर दोघी रोज बोलायच्या. अक्का म्हणायच्या, येऊन जा. सुमनताई म्हणायच्या, येते. निखिलला तेवढ्यासाठीच गाडी पाहिजे होती.

आम्ही मन लावून केली ती गाडी. संडासाची जागा ऐसपैस, धरायला दोन्ही बाजूंना दांडे, खाली न घसरणारी फरशी. काम संपायला आठवडा होता तेवढ्यात निखिल तोंड पाडून आला. अक्काची तब्येत ढासळली होती, खाणं-पिणं सोडलं होतं. “काका, उद्या सकाळी निघायलाच पाहिजे.” रंगरंगोटी नंतरवर टाकून आम्ही सगळे हात धुऊन मागे लागलो आणि दुपारपर्यंत गाडी उभी केली. सुमनताई आलेल्या होत्या, शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या. बारीक चणीच्या, हातात रुमाल, नजर सारखी गाडीकडे.

टाकीत पाणी भरायचं, चेंबरपाशी न्यायचं, निखिलकडून मूठ ओढून घ्यायची, याला आणखी तासभर गेला असता. त्याला घरी जाऊन सामान भरायचं होतं. मी म्हटलं जाऊ दे, पोरगा हुशार आहे. काळ्या टाकीत बादलीभर पाणी ओतून दिलं, बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ करून पाठवलं आणि नियम मोडून किल्ली दिली. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक. पण माझी जीभ! निखिलच्या पाठीवर थाप मारून मी सुमनताईंना ऐकू जाईल असं म्हणालो, “लेका, नशीबवान आहेस. आईची सेवा घडणार आता. तिचं सगळं तुलाच काढायचंय, बरं का!”

सगळे हसले. सुमनताईही हसल्या. मी मनात म्हटलं, वा, काय बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास निखिलचा फोन आला. इंदापूरच्या अलीकडे एका हॉटेलपाशी थांबला होता. “काका, इंडिकेटर बिघडलाय. साडेतीन तास झाले निघून, आई पाच-सहा वेळा तरी आत जाऊन आली, आणि दिवा पहिल्यावरून हलत नाहीये. लीक असेल का?”

नव्या गाडीचा दिवा खोटं बोलत नाही, पण मी म्हटलं, खाली वाक आणि वाजव. त्याने फोन टाकीजवळ धरून वाजवली. मी कान लावला. तळाशी चार बोटं बद्द, आणि वर सगळं टणटणीत. चार बोटं म्हणजे मी ओतलेली बादली. गाडीखालची जमीन कोरडी. “बरं, प्यायच्या पाण्याची आणि फ्लशची टाकी बघ.” तो म्हणाला, “काठोकाठ भरलीये.” म्हणजे फ्लश एकदाही ओढलेला नव्हता.

“आई कशी आहे रे?”

“तेच काका. चक्कर येतेय म्हणते. पायात गोळे आलेत. ओठ पांढरे पडलेत. मला भीती वाटतेय, मी गाडी वळवतो. पुण्याला आणून डॉक्टरला दाखवतो. मावशीचं नंतर बघू.”

नंतर? मावशीला नंतर होतं का, ते त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. पण माझ्या डोक्यात आदल्या दिवशीचं माझंच वाक्य वाजायला लागलं होतं. म्हटलं, “पाच मिनिटं थांब. आईला फोन दे, आणि तू जरा लांब जाऊन चहा घे.”

सुमनताई फोनवर आल्या. “बोला भाऊ.” आवाज पार कोरडा.

“ताई, पाणी कधी प्यालात शेवटचं?”

“प्याले की सकाळी.”

“ताई, मी प्लंबर आहे. पाणी गेलं कुठे आणि आलं कुठून, हे मला कळतं.”

मग म्हणाल्या, “काल दुपारी. तुमच्या शेडमध्ये.”

“आणि सकाळपासून आत जाताय ते?”

“नुसती बसून येतेय. त्याला काळजी नको म्हणून.” आणि मग त्यांचा बांध फुटला. “तुम्हीच म्हणालात ना भाऊ, सगळं त्यालाच काढायचंय? अहो, आमटीत केस दिसला तर पानावरून उठतो हो तो. आणि त्याने माझी बादली उचलायची? बापाने त्याला एवढं शिकवलं ते यासाठी? त्यापेक्षा न प्यालेलं काय वाईट? पोचेस्तोवर निघेल असं वाटलं होतं मला.”

“त्याचं नाही का तुम्ही लहानपणी...” मी सुरू केलं.

“ते आईने काढायचं असतं,” त्यांनी मला तिथेच तोडलं. “पोराने नाही.”

मला माझ्या जिभेची अशी लाज वाटली की बाजूच्या ड्रममध्ये तोंड खुपसावं. पण एक शब्द माझ्या कानात अडकला होता.

“ताई, बादली कुठली म्हणालात?”

“घाणीची. ती उचलून ओतायची असेल ना कुठेतरी?”

अरे देवा! सहा महिने गाडी बांधत होतो आम्ही. नळ्या, झडपा, मुठी, पन्नास वेळा निखिलला समजावलं. आणि ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं तिच्या डोळ्यांपुढे होता एक डबा, आणि तो डबा हातात धरलेला तिचा मुलगा. तिला कुणी काही दाखवलंच नव्हतं.

“ताई, बादली नाही. डबा नाही. कुणी काही उचलत नाही, कुणाला काही दिसत नाही. तुम्ही उठू शकता का? आधी लिंबू-साखर-मीठ घालून ग्लासभर पाणी घ्या, घोट घोट. मग आपण दोघं मिळून टाकी रिकामी करू.”

“मी?”

“तुम्हीच. निखिलला हातसुद्धा लावू द्यायचा नाही.”

निखिलने हॉटेलच्या मालकाला मागचं चेंबर विचारलं. ते भले होते, फक्त आधी त्यांना वाटलं की संडास विकायची गाडी आलीये. त्यांनी झाकण काढून दिलं. अर्ध्या तासाने सुमनताईंना जरा हुशारी वाटली. मग निखिलने व्हिडिओ कॉल लावून मोबाइल टाकीकडे धरला आणि तो मान फिरवून उभा राहिला. आईने तशी ताकीदच दिली होती. मी सांगत गेलो. हातमोजे घाला. नळीचं एक टोक चेंबरमध्ये. दुसरं टोक टाकीच्या तोंडाला लावा, बरणीचं फिरकीचं झाकण लावतो तसं, फिरवा, खट् आवाज येईल. आला. आता ती काळी मूठ, गुडघ्याच्या उंचीवर. ओढा.

त्यांनी पदर खोचला आणि ओढली. खळ्ळ करून बादलीभर पाणी गेलं.

“पुढे?” त्यांनी विचारलं.

“पुढे काही नाही. मूठ परत ढकला.”

“एवढंच?”

“एवढंच, ताई.”

त्या खुदकन हसल्या. मला हायसं वाटलं, तेवढ्यात हसू गेलं आणि त्या माझ्यावर अशा काही कडाडल्या की शेडमधले वेल्डर माझ्याकडे बघायला लागले. “मग हे मला काल का नाही दाखवलंत हो? मी तिथे दोन तास खुर्चीत बसले होते ना? व्हिडिओ त्याला, किल्ली त्याला, मूठ त्याला. गाडी कुणासाठी केली होती?”

मी चूक कबूल केली. करणार काय? त्या क्षणी मी आठवून बघितलं, इतक्या वर्षांत मूठ ओढायला मी एकाही बाईला पुढे बोलावलं नव्हतं. कारखानदाराला बोलावलं, इंजिनिअरला बोलावलं, वास्तुवाल्याच्या यजमानाला बोलावलं. बायका मागे उभ्या राहून ‘झालं का’ विचारायच्या. नियमाचा मला केवढा ताठा! आणि नियम होता अर्धाच. पुढे जितकी वर्षं काम केलं, तितकी वर्षं किल्ली द्यायच्या आधी मी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला हाक मारायचो. एकीनेही कधी नाकाला रुमाल लावला नाही.

तर, सुमनताई पाणी प्याल्या, फ्लश ओढला आणि दुपार कलल्यावर गाडी बार्शीकडे निघाली. संध्याकाळी निखिलचा दोन ओळींचा मेसेज आला, पोचलो म्हणून. अक्कांचं काही लिहिलेलं नव्हतं. मला घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “दुसऱ्याच्या मावशीसाठी भाकरी टाकता होय?” म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये होतो, दहा-सव्वादहा झाले असतील, सुमनताईंचाच फोन आला.

“भाऊ, काल दिवेलागणीला पोचलो. अक्का आहे. पण काय अवस्था हो! ओठाला पापुद्रे, डोळे आत. सून म्हणाली दोन दिवस पाण्याचा थेंब घेत नाहीये, डॉक्टर सलाइन लावू म्हणतायत, आता हिने मनानेच आटोपतं घेतलंय. सगळे तेच म्हणत होते. मी बघितलं आणि मला कळलं. मी कालच त्यातून आले होते ना. सगळ्यांना बाहेर काढलं आणि तिच्या कानाशी विचारलं, अक्का, मी येणार म्हणून का गं? तर हसली. म्हणाली, तू सहा वर्षांनी येणार, अंथरूण घाण नको, खोलीला वास नको म्हटलं.”

मी हातातला पाना खाली ठेवला.

“मी तिला माझं सांगितलं. दोघी रडलो, दोघी हसलो. मग एका तांब्यातून दोघी पाणी प्यालो. थोडं थोडं करत तांब्या संपवला. त्यांचा संडास अंगणापलीकडे, चार पायऱ्या चढून. वर्षभर तिचं सगळं अंथरुणातच, सून करते, गुणाची आहे बिचारी, पण हिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सकाळी निखिलने गाडी पार दाराला लावली. त्याने आणि भाच्याने खुर्चीत बसवून तिला आत नेली, दांडे धरून बसवली. मी म्हटलं, थांबते मी, धरते. तर मला म्हणाली, तू बाहेर हो.”

“मग?”

“मग काय, भाऊ. झाले मी बाहेर. आणि तिने आतून कडी लावली.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवण्यासारखं त्यात काही नाही. बाहीने डोळे पुसून विचारलं, “आता कशा आहेत?”

“अजून आतच आहे. अर्धा तास झाला. काही करत नाहीये, नुसती बसलीये, गुणगुणतेय, मला इथे पायरीवर ऐकू येतंय. सून दोनदा विचारून गेली, हाक मारू का? मी म्हटलं, खबरदार.”

“बसू द्या, ताई,” मी म्हणालो. “टाकीत भरपूर जागा आहे.”